धडा कुणाच्या लिपीत? मणिपूरची गोष्ट

या मालिकेत बोलायला मला बोलावलं तेव्हा आयोजकांना वाटलं होतं की मी सीमेवरच्या गोष्टी सांगेन. फौजी माणसाकडून लोकांची तीच अपेक्षा असते. मी त्यांना म्हटलं, गोळीबाराच्या गोष्टी यूट्यूबवर ढिगानं आहेत, मला शाळेच्या पुस्तकांबद्दल बोलू द्या. ते जरा बिचकले, पण हो म्हणाले.

मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.ए. झालो आणि फौजेत गेलो, एवढंच माझं शिक्षण. पण नोकरीतली बरीच वर्षं ईशान्येत गेली आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली. जिथे जिथे बंदुका निघतात, तिथे त्याच्या आधी किंवा नंतर पाठ्यपुस्तकावरून भांडण झालेलं असतं. कुठल्या लिपीत शिकवायचं, कुणाचा राजा पहिल्या धड्यात येणार, नकाशात रेघ कुठून जाणार, यावरून लोक रस्त्यावर येतात. रस्त्यावर आल्यावर आम्हाला बोलावतात. म्हणून मी म्हणतो की हा विषय आमच्याही खात्याचा आहे.

मी मूळचा बेळगावचा. शाळा मराठी माध्यमाची, पुस्तकं मात्र आधी म्हैसूर आणि १९७३ नंतर कर्नाटक म्हणवल्या जाणाऱ्या राज्याची. माझा आतेभाऊ कोल्हापूरला. मे महिन्याच्या सुट्टीत तो यायचा आणि आमची जुंपायची. त्याच्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिवाजी महाराज. माझ्या पुस्तकात चालुक्य, होयसळ, विजयनगर आणि मग कुठेतरी महाराज. तो मला म्हणायचा, तुमचं पुस्तक चुकीचं आहे. मी म्हणायचो, तुमच्यात पुलकेशी आहे का? गंमत अशी की हा दुसरा पुलकेशी राहायचा बदामीला, आणि ऐहोळेच्या त्याच्या शिलालेखात नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो स्वामी असल्याचं कोरलेलं आहे. म्हणजे तो दोघांचाही होता. आमच्या दोन्ही पुस्तकांनी हे आम्हाला सांगितलं नाही. बेळगाव ते कोल्हापूर अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि घराण्यात रोटीबेटीचे व्यवहार. तरी दोन मुलांचे दोन इतिहास. आमचं भांडण आंब्याच्या फोडीवर मिटायचं. मणिपूरमध्ये ते तसं मिटत नाही, म्हणून आज तिथली गोष्ट सांगतो.

आधी भूगोल समजून घ्या, कारण तिथलं सगळं भूगोलावरून सुरू होतं. मणिपूर म्हणजे बशीसारखं राज्य. मधे सपाट खोरं, भोवती डोंगर. क्षेत्रफळ २२ हजार ३२७ चौरस किलोमीटर, त्यातलं खोरं फक्त दहावा हिस्सा. पण निम्म्याहून अधिक लोकसंख्या त्या खोऱ्यात, आणि विधानसभेच्या ६० जागांपैकी ४० खोऱ्यातल्या. खोऱ्यात मुख्यतः मैतेई, बहुतेक वैष्णव हिंदू, काही सनामही या जुन्या धर्माचे, शिवाय पांगल म्हणजे मैतेई मुसलमान. डोंगरात नागा आणि कुकी-झो जमाती, बहुतांशी ख्रिस्ती. सरकार, विद्यापीठ, परीक्षा मंडळ, ग्रंथालय, सगळं इंफाळमध्ये, म्हणजे खोऱ्यात. पुस्तक कोण लिहिणार आणि ते कुणाला वाचावं लागणार, हे एवढ्यावरूनच तुमच्या ध्यानात येईल.

मैतेई लोकांची स्वतःची एक लिपी आहे, मैतेई मयेक. फार सुंदर कल्पना आहे तिची. अक्षरांची नावं शरीराच्या अवयवांवरून ठेवली आहेत. ‘क’चं नाव कोक, म्हणजे डोकं. ‘स’ म्हणजे साम, केस. ‘ल’ म्हणजे लाई, कपाळ. ‘म’ म्हणजे मित, डोळा. पुढे पापणी, कान, ओठ असं करत मूल आपल्याच अंगावर बोट ठेवून मुळाक्षरं पाठ करतं. आमच्या युनिटमध्ये एक मैतेई सुभेदार होता, त्याच्या नातवानं मला ती अशीच म्हणून दाखवली होती. आपल्याकडे ‘क कमळाचा’ असतो, त्यांच्याकडे ‘क डोक्याचा’.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पामहैबा नावाचा राजा झाला, गरीबनवाज या नावानंही त्याला ओळखतात. त्यानं वैष्णव धर्म स्वीकारला. सिल्हेटकडून आलेले शांतिदास गोसाई हे त्याचे गुरू. त्याच्या काळात जुन्या धर्माच्या पोथ्या, ज्यांना पुया म्हणतात, त्या जाळल्या गेल्या अशी आठवण मैतेई समाजात खोल रुजली आहे. किती जाळल्या, कोणत्या साली, यावर अभ्यासक वाद घालतात. पण ‘पुया मैथाबा’ म्हणून त्या दहनाची आठवण आजही दरवर्षी जानेवारीच्या सुमारास पाळली जाते. पुढे हळूहळू बंगाली लिपी आली आणि मैतेई भाषा त्या लिपीत लिहिली जाऊ लागली. इंग्रजांच्या काळात शाळा निघाल्या, १८८५ मध्ये जॉन्स्टन साहेबानं इंफाळला इंग्रजी शाळा काढली, आणि छापील पुस्तकांबरोबर बंगाली लिपी पक्की झाली.

आता डोंगराकडे या. १८९४ मध्ये विल्यम पेटिग्रू नावाचा मिशनरी इंफाळला आला. त्याला खोऱ्यातच काम करायचं होतं, तिथे त्यानं शाळाही सुरू केली. पण खोऱ्यातल्या हिंदूंमध्ये नाराजी पसरेल म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला थांबवलं. मग तो १८९६ मध्ये डोंगरात उखरुलला गेला, तांगखुल नागांमध्ये. तिथे त्यानं शाळा काढली आणि तांगखुल भाषा रोमन लिपीत बसवली. हाच माणूस पुढे मणिपुरी भाषेचं व्याकरणही लिहितो, बरं का. म्हणजे त्याची आवड खोऱ्याचीच होती.

मी हे इतकं सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. एका प्रशासकीय निर्णयानं, तोही शांतता राखण्याच्या हेतूनं घेतलेल्या, खोऱ्यातलं मूल बंगाली अक्षरं गिरवायला लागलं आणि ऐंशी किलोमीटरवरचं डोंगरातलं मूल एबीसीडी. दोघंही मणिपूरचीच. अशा पाच-सहा पिढ्या गेल्यावर तुम्ही त्यांना एका बाकावर बसवायला गेलात, तर बाक कुणाचा हा प्रश्न येणारच.

मैतेई मयेक परत आणण्याची चळवळ विसाव्या शतकात उभी राहिली. तिचा एक आद्य माणूस नाओरिया फुलो. हा मणिपूरचा नव्हे, आसामातल्या काछारचा. १९३० मध्ये त्यानं ‘अपोकपा मरुप’ ही संस्था काढली, जुना धर्म आणि जुनी लिपी यांच्यासाठी. तुमच्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर वाढलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. घराबाहेर राहणाऱ्याला घराची अक्षरं जरा जास्तच प्रिय असतात. बेळगावात दुकानाच्या मराठी पाटीवरून लोक ज्या त्वेषानं भांडतात, तेवढ्या त्वेषानं पुण्यात कुणी भांडताना मला दिसलं नाही.

१९८० मध्ये राज्य सरकारनं २७ अक्षरांची मैतेई मयेक मान्य केली. १८ अक्षरं खरी, २७ खरी की ३६ खरी यावर आपसात बरंच रण माजलं होतं, ते अजून पुरतं शमलेलं नाही. १९९२ मध्ये कोकणी आणि नेपाळीबरोबर मणिपुरी भाषा आठव्या परिशिष्टात आली. पण पुस्तकं बंगाली लिपीतच राहिली. सरकारी मान्यता फायलीत आणि वर्गात जुनीच अक्षरं, असं पंचवीस वर्षं चाललं.

मग ‘मीलाल’ ही संघटना मैदानात उतरली. बंगाली लिपीतली पाठ्यपुस्तकं रस्त्यावर जाळणं सुरू झालं, वर्तमानपत्रं जाळणं सुरू झालं. आणि १३ एप्रिल २००५ ला इंफाळचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पेटवून दिलं गेलं.

मी तेव्हा तिथे कर्नल होतो. तो काळ आमच्यासाठीही कठीण होता. आदल्या वर्षी मनोरमा प्रकरणानंतर खोरं पेटलेलं होतं, नोव्हेंबर २००४ मध्ये आसाम रायफल्सनं कांगला किल्ला राज्याच्या ताब्यात दिला होता, आणि वर्दीकडे लोक कसे बघत होते ते मला इथे सांगायला नको. आगीनंतर चार दिवसांनी मी त्या इमारतीपाशी गेलो. जळलेल्या कागदाचा वास फार दिवस टिकतो, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर. लाखाच्या वर पुस्तकं होती तिथे. त्यात बंगाली लिपीतलीच नव्हती, इंग्रजी होती, दुर्मीळ हस्तलिखितं होती. ज्या भाषेच्या नावानं आग लागली त्याच भाषेचे जुने ग्रंथ त्यात गेले. एक वयस्क मैतेई गृहस्थ फाटकाशी उभे होते. ते मला म्हणाले, आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात की परक्या गुरूच्या नादानं राजानं पोथ्या जाळल्या. आता माझ्या नातवाला मी काय शिकवू?

मला यावर आजही उत्तर सुचत नाही. पण एक सांगतो. लिपी परत आणण्याची मागणी माझ्या मते रास्त होती. आपलीच अक्षरं आपल्या शाळेत असावीत असं कुणाला वाटणार नाही? आग लावून ती मागणी मोठी झाली नाही. पण सरकार हललं ते आगीनंतर, हेही खरं आहे, आणि इथेच गोम आहे. वीस वर्षं अर्ज करणाऱ्यांना काही मिळालं नाही आणि काडी लावणाऱ्यांना वर्षभरात मिळालं, हा धडा कुठल्याही पुस्तकात नसला तरी तिथल्या प्रत्येक संघटनेनं तो पाठ केला.

२००५-०६ पासून पहिलीच्या वर्गात मैतेई मयेक आली आणि मग दरवर्षी एकेक इयत्ता वर चढत गेली. कागदावर ही योजना अगदी शहाणपणाची. पण घरात काय झालं बघा. मुलगा शाळेत मैतेई मयेक शिकतो. बापाला ती येत नाही, त्यामुळे बाप गृहपाठ घेऊ शकत नाही. बापाचं वर्तमानपत्र बंगाली लिपीत, ते मुलाला वाचता येत नाही. आजोबांच्या कपाटातल्या कादंबऱ्या मुलासाठी बंद. तीन पिढ्या एकच भाषा बोलतात आणि एकमेकांचं लिहिलेलं वाचू शकत नाहीत. वर्तमानपत्रांनी मैतेई मयेकमध्ये छापायला सुरुवात केली ती थेट जानेवारी २०२३ मध्ये. तोवर पहिलीच्या त्या पहिल्या तुकडीतली पोरं कॉलेज संपवून नोकरी शोधत होती.

हसू नका, आपल्याकडेही हेच झालंय, फक्त आवाज न होता. माझ्या आजोबांचं शिक्षण मुंबई इलाख्यातल्या बेळगावचं. ते मोडी लिहायचे, सही मोडीत करायचे. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत मोडी शाळेतून गेली आणि बालबोध तेवढी राहिली. त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत, तंजावरच्या सरस्वती महालात आहेत, आणि ते सरसर वाचणारी माणसं मोजकी. घरातल्या जमिनीच्या जुन्या कागदासाठी आम्हाला मोडी वाचणाऱ्याचा शोध घेत धारवाडपर्यंत जावं लागलं होतं. अभ्यासक्रमातून लिपी काढणं फार सोपं असतं. एक परिपत्रक पुरतं.

आता मणिपूरच्या गोष्टीची दुसरी बाजू, जी इंफाळमध्ये बसून दिसत नाही. खोऱ्यात लिपी बदलली तेव्हा डोंगरातल्या लोकांना वाटलं की आता ही आपल्याही डोक्यावर येणार. बंगाली लिपी परकी होती तशीच त्यांच्या लेखी मैतेई मयेकही परकी. खोऱ्याला जे स्वातंत्र्य वाटलं ते डोंगराला लादणं वाटलं. २००६ मध्ये नागा विद्यार्थी संघटनेनं मणिपूर मंडळाची पुस्तकं जाळली, आणि डोंगरातल्या खासगी शाळांना नागालँडच्या परीक्षा मंडळाशी जोडा अशी मागणी केली. नागालँडची पुस्तकं गाड्या भरून आलीसुद्धा.

त्या सुमारास आमची एक तुकडी उखरुलकडच्या एका गावात शाळेच्या छपराचं काम करत होती. ईशान्येत फौज अशी कामं करते, पत्रे, बाक, पाण्याची टाकी. मी पाहणीला गेलो तर वर्गात दोन प्रकारची पुस्तकं. अर्ध्या मुलांकडे इंफाळची, अर्ध्यांकडे कोहिमाची. मास्तर तांगखुल, चाळिशीचे, बोलायला तिरकस. ते मला म्हणाले, साहेब, या नव्या पुस्तकात ‘आपल्या राज्याची राजधानी कोहिमा’ आहे. मुलं पेपरात कोहिमा लिहितील, आणि रहिवासी दाखला काढायला इंफाळला जातील. मी विचारलं, मग तुम्ही कोणतं शिकवता? ते म्हणाले, ज्या दिवशी जो तपासायला येईल त्याचं. आमच्यासोबत चहा घेताना त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. म्हणाले, इंफाळच्या पुस्तकात आमचं गाव नाही आणि कोहिमाच्या पुस्तकातही नाही. फक्त कोहिमाच्या पुस्तकातली नावं आमच्या नावांसारखी वाटतात.

मंडळी, अभ्यासक्रमाचं सगळं राजकारण या वाक्यात आहे. पुस्तकात आपलं नाव शोधणारं मूल सगळीकडे असतं. ते सापडलं नाही की ज्याच्या पुस्तकात निदान आपल्यासारखं आडनाव आहे त्याच्याकडे ते जातं. आणि आडनावाच्या मागोमाग नकाशा येतो. नागालँडचं पुस्तक मणिपूरच्या डोंगरात शिकवलं गेलं की इंफाळला त्यात उद्याचा बृहत् नागालँड दिसतो. त्यांची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण ती मागणी खरोखर आहे. पण मग उखरुलच्या पोरानं काय वाचायचं?

पुढे कालांतरानं तांगखुल, थादौ-कुकी, पाइते, हमार अशा कित्येक भाषा राज्यानं शाळेत विषय म्हणून मान्य केल्या. चांगलं झालं. पण भाषेचा तास वेगळा आणि इतिहासाचा तास वेगळा. खरी ठिणगी इतिहासाच्या तासाला पडते.

उदाहरण देतो. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी इंग्रजांनी मणिपूरच्या डोंगरातून मजूर पलटण उभी केली. सुमारे दोन हजार माणसं फ्रान्सला गेली, त्यात बहुतेक नागा, काही कुकीही. आपला पेटिग्रू त्यांच्याबरोबर गेला होता. पुन्हा माणसं मागितली तेव्हा कुकी प्रमुखांनी नकार दिला आणि १९१७ ते १९१९ असा दीर्घ सशस्त्र लढा झाला. इंग्रजांनी गावं जाळली. कुकी समाज त्याला ‘इंग्रज-कुकी युद्ध’ म्हणतो. दुसरे काही म्हणतात, युद्ध कसलं, ते बंड होतं. तुम्ही म्हणाल, शब्दात काय आहे. फौजी माणसाला विचारा. कारगिलला १९९९ मध्ये आम्ही जे लढलो त्याचं कागदोपत्री नाव ‘ऑपरेशन विजय’. युद्ध कधी जाहीर झालंच नाही. पण तुमच्यातला एकही माणूस ‘कारगिलची कारवाई’ म्हणत नाही, आणि म्हणालात तर ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते तुम्हाला सोडणार नाहीत. ‘युद्ध’ या शब्दानं लढणाऱ्याला बरोबरीचा दर्जा मिळतो. ‘बंड’ म्हटलं की तो कुणाची तरी रयत ठरतो, आणि जमीन त्या कुणाची तरी. म्हणून मणिपूरमध्ये एका शब्दावरून आज माणसं पोलीस ठाण्यात जातात.

खोऱ्याला स्वतःच्या १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धाचा सार्थ अभिमान आहे. तिकेंद्रजीत आणि थांगल जनरल यांना १३ ऑगस्टला फाशी झाली, तो दिवस राज्यात देशभक्त दिन म्हणून पाळतात. डोंगरातल्या झेलियांग्रोंग नागांचा हैपौ जादोनांग १९३१ मध्ये इंफाळलाच फासावर गेला, आणि त्याची शिष्या राणी गाइदिनलिऊ विशीही न गाठता पकडली गेली ती स्वातंत्र्यापर्यंत तुरुंगात होती. तीन समाज, तिघांचेही इंग्रजांविरुद्धचे लढे, सगळे एका राज्याच्या हद्दीत. वास्तविक हे केवढं मोठं भांडवल आहे! तिन्ही धडे एकापाठोपाठ एक ठेवले तर मुलांना वाटेल, अरे, आपण सगळेच लढलो. पण धडे ‘आमचा आधी की तुमचा’ या हिशेबानं मोजले जातात. कुणाला चार पानं, कुणाला चौकटीत चार ओळी.

२०२२ मध्ये या वादानं नवं वळण घेतलं, आणि तिथून ही गोष्ट माझ्या टेबलापर्यंत आली. एका निवृत्त ब्रिगेडिअर साहेबांचा प्रबंध पुस्तकरूपानं बाहेर आला. मणिपूर संस्थान विलीन झालं तेव्हा ते फक्त ७०० चौरस मैलांचं, म्हणजे खोऱ्यापुरतंच होतं, असं त्यात लिहिल्यावरून खोऱ्यात संताप उसळला. ७०० चौरस मैल म्हणजे सुमारे १८०० चौरस किलोमीटर. मघाशी सांगितलेला २२ हजारांचा आकडा आठवा, म्हणजे डोंगर कुणाचे हा प्रश्न एका आकड्यात कसा बसतो ते कळेल. मला स्वतःला तो दावा पटत नाही. डोंगरावर राजाची सत्ता सैल होती, कुठे होती कुठे नव्हती, पण दरबाराचा आणि डोंगराचा संबंधच नव्हता असं म्हणता येत नाही. पण सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारनं काय केलं? मणिपूरचा इतिहास, संस्कृती, परंपरा आणि भूगोल यांवरचं कुठलंही पुस्तक आधी सरकारी समितीला दाखवून मंजुरी घेतल्याशिवाय छापायचं नाही, असा आदेश काढला. मोडला तर कारवाई. पुढे २०२४ मध्ये इंग्रज-कुकी युद्धावर लिहिणाऱ्या एका निवृत्त कर्नलवर गुन्हा दाखल झाला.

मी गेली काही वर्षं माझ्या मणिपूरच्या दिवसांबद्दल मराठीत लिहितोय. दोनेकशे पानं झालीत. बायको म्हणते, मराठीत आहे, तिथे कोण वाचणार? माझा आक्षेप वेगळा आहे. शाळेत लावायचं पुस्तक सरकारनं तपासावं, नव्हे, तपासलंच पाहिजे, कारण ते मुलाला नाकारता येत नाही. बाजारातलं पुस्तक ज्याला नको तो घेत नाही. ही दोन टोकं एकाच समितीपुढे बांधली की पाठ्यपुस्तकाचा दोष दाखवणारं पुस्तकच निघायचं नाही. मग चूक दुरुस्त कोण करणार?

त्यानंतर ३ मे २०२३ आला. त्याबद्दल मी इथे फार बोलणार नाही, जखम ओली आहे. शाळांपुरतं सांगतो. शाळा बंद पडल्या, कित्येक शाळांच्या छावण्या झाल्या, आणि डोंगर आणि खोरं यांमध्ये ये-जाच उरली नाही. मुलांनी ज्या गावी आसरा मिळाला तिथे नाव घातलं. चुराचांदपूर आणि कांगपोकपीकडच्या सुमारे पंचवीस शाळांनी राज्य मंडळ सोडून केंद्रीय मंडळाची वाट धरली. राज्याच्या ना-हरकत प्रमाणपत्रावरून ते प्रकरण अडलं आणि केंद्रीय मंडळाला ती परवानगी मागे घ्यावी लागली. २००६ मध्ये नागांनी कोहिमाकडे पाहिलं, २०२४ मध्ये कुकींनी दिल्लीकडे. इंफाळचं पुस्तक दोघांनाही नको. इंफाळमध्ये बसणाऱ्यांनी यावर रागावण्यापेक्षा विचार करावा असं मला वाटतं, आणि हे मी मैतेई मित्रांच्या घरी जेवताना त्यांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे. एक मित्र ताट सोडून उठला होता. दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला.

आपल्याकडे २०२५ च्या एप्रिल ते जून काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, असा निर्णय आला, मग शब्द मवाळ केले, मग २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. बेळगावच्या माझ्या पुतण्यानं त्यावर मला विचारलं, काका, तिकडे हिंदी नको म्हणतात, इकडे आपल्या पोरांवर कन्नड आहेच की, त्याचं काय? मी त्याला म्हटलं, बेळगावात राहायचं तर कन्नड यायलाच हवं, मला येतं आणि फौजेत त्याचा उपयोगच झाला. पण कन्नड शिकवणं वेगळं आणि मराठी शाळेचा मास्तर न भरणं वेगळं. पहिल्यानं भाषा वाढते. दुसऱ्यानं फक्त राग.

मणिपूरसाठी माझ्यापुरतं मला एवढं सुचतं. तिसरी ते पाचवीचं परिसर आणि इतिहासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं असावं, तिथल्याच मास्तरांनी लिहिलेलं. उखरुलच्या मुलाला आधी उखरुल, चुराचांदपूरच्या मुलाला चुराचांदपूर, इंफाळच्या मुलाला कांगला. आणि सहावीपासून प्रत्येकानं दुसऱ्याच्या जिल्ह्याचं पुस्तक वाचावं, त्यावर परीक्षेत प्रश्न असावा. लिपीच्या बाबतीत, दहावीपर्यंत एक तास दुसऱ्या लिपीचा, निदान वाचता येण्याइतका. खोऱ्यातल्या मुलाला आजोबांची बंगाली अक्षरं वाचता यावीत, डोंगरातल्या मुलाला हवी तर मैतेई मयेक, पण गुण न कापता. यात खर्च फार नाही. अडचण एवढीच की यात कुणाचाही विजय होत नाही, आणि आज तिथे प्रत्येकाला आधी विजय हवा आहे.

माझ्या हस्तलिखितातलं १९१७ चं प्रकरण मी दोघांना वाचायला पाठवलं. माझ्याच्यानं इंग्रजी गोषवारा करून. एक तेच उखरुलचे मास्तर, आता निवृत्त. दुसरे इंफाळचे एक प्राध्यापक. दोघांनीही लाल खुणा करून परत पाठवलं. मास्तरांनी आठ ठिकाणी, प्राध्यापकांनी अकरा ठिकाणी. त्यातल्या तीन जागा दोघांच्या एकच आहेत. त्या तीन मी लगेच बदलल्या. बाकीच्या तेरा जागांवर सध्या आमचा तिघांचा पत्रव्यवहार चालू आहे. यापैकी कुणाला त्यात भर घालायची असेल, विशेषतः ईशान्येत नोकरी केलेल्या मराठी मंडळींना, तर खाली जरूर लिहा.